काजूच्या मोसमाआधी माकडतापाची जागृती कशी करावी

माकडताप हे नाव गावात चटकन रुळते आणि तितक्याच चटकन दिशाभूल करते. ते ऐकून माणसे माकडाने उष्टावलेली फळे टाकून देतात आणि कौलांवर माकड बसले की धास्तावतात. पण काजूच्या झाडाखालच्या पाचोळ्यात उकिडवे बसून तासन्‌तास बोंडू वेचण्यात काही धोका असेल, हे त्यांच्या मनातही येत नाही. प्रत्यक्षात हा आजार माणसाला बहुतेक वेळा गोचिडीच्या चाव्याने होतो, आणि ती गोचीड जमिनीवरच्या पाल्यातून आपल्या पायांवर चढते. म्हणून सिंधुदुर्गातील दोडामार्ग व सावंतवाडीच्या गावांत किंवा गोव्याच्या सत्तरी तालुक्यात ज्यांना जागृतीचे काम करायचे आहे, त्यांनी पहिल्या पाच मिनिटांतच लोकांचे लक्ष माकडावरून पाचोळ्याकडे वळवावे. माकडाचा विषय पुढे एकाच कारणासाठी परत आणावा: मेलेले माकड ही या आजाराची सर्वांत आधी मिळणारी सूचना असते, आणि ती त्याच दिवशी आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचली पाहिजे.

बोलणाऱ्याला आधी काय माहीत असावे

१९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातील क्यासनूर जंगलाच्या परिसरात माकडे मरू लागली आणि त्याच सुमारास गावकऱ्यांमध्ये तीव्र तापाची साथ दिसली. माकडे मरणे आणि माणसे तापणे एकाच वेळी घडल्यामुळे माकडे आणि माणसे या दोघांनाही होणारा पीतज्वर (यलो फीवर) भारतात शिरला की काय, अशी शंका तज्ज्ञांना आली होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, तपास करून एक नवाच विषाणू शोधून काढला. तो रशियातील गोचिडीजन्य मेंदूज्वराच्या विषाणूच्या जवळच्या नात्यातला निघाला. कन्नड मुलुखात या आजाराला ‘मंगन कायिले’ म्हणतात, आणि आपल्याकडील नाव त्याच अर्थाचे आहे.

पुढची जवळपास पन्नास वर्षे हा आजार मुख्यतः शिमोगा आणि त्याच्या शेजारच्या जिल्ह्यांपुरता मर्यादित समजला जात असे. २०१२ नंतर मात्र तो बंदीपूर, निलगिरी आणि वायनाड या भागांत आढळला, २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुक्याच्या पाली गावात दिसला आणि २०१६ च्या सुरुवातीला दोडामार्ग तालुक्यातील केर गावात पोहोचला. साठ वर्षांचा जुना आजार आपल्या अंगणात नवा असतो, आणि येथील डॉक्टरांना, आशा कार्यकर्त्यांना व बागायतदारांना तो नवा म्हणूनच शिकावा लागतो. भारतात दर वर्षी साधारण ४०० ते ५०० रुग्ण नोंदले जातात असे सांगितले जाते. डेंग्यूपुढे हा आकडा किरकोळ वाटतो खरा, परंतु लागण झालेल्यांपैकी सुमारे ३ ते ५ टक्के माणसे दगावतात, आणि ती बहुधा रानावर पोट असलेली, घरातली कमावती माणसे असतात.

गोचिडीचे वर्षभराचे वेळापत्रक समजले, की जागृतीचे वेळापत्रक आपोआप समजते. मोठ्या गोचिडी पावसाळ्यात गुराढोरांच्या आणि मोठ्या जनावरांच्या रक्तावर पोसतात व जमिनीवर अंडी घालतात. पावसानंतर त्या अंड्यांतून निघालेली बारीक पिल्ले उंदीर, चिचुंद्री, पक्षी आणि माकडे यांच्या अंगावर चढतात. त्यानंतरच्या अवस्थेतील पिल्ले साधारण डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत पाचोळ्यात दबा धरून असतात, आणि माणसाला चावतात ती मुख्यतः हीच. जमिनीवर फिरणाऱ्या माकडाला विषाणू असलेली गोचीड चावली की माकड आजारी पडते, त्याच्या रक्तात विषाणू प्रचंड वाढतो आणि त्या रक्तावर पोसलेल्या शेकडो गोचिडी विषाणू घेऊन बसतात. माकड मेले आणि त्याचे अंग थंड पडू लागले, की त्या सगळ्या खाली उतरतात. त्या जागेवरून जो जाईल त्याला धोका असतो. गुरे स्वतः या तापाने आजारी पडत नाहीत, पण त्यांच्यावर गोचिडींची पैदास होते आणि चरून घरी परतताना ती गोचीड गोठ्यापर्यंत आणतात.

आता या वेळापत्रकाशेजारी कोकणातील शेतकऱ्याचे वेळापत्रक ठेवून पाहावे. जानेवारीपासून काजूच्या बागांची साफसफाई असते, फेब्रुवारी ते मे या काळात बोंडू वेचायचे असतात, मध्येच भाजावळीसाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी, पातेरा (पाचोळा) गोळा करायचा असतो आणि पावसाळ्यापूर्वी लाकूडफाटा भरून ठेवायचा असतो. म्हणजे गोचिडीचे पिल्लू जेव्हा आणि जिथे सर्वांत भुकेले असते, नेमके तेव्हा आणि तिथेच माणूस हाताने पाचोळा उपसत असतो. सभेत आकडेवारी सांगण्यापेक्षा ही जुळणी सांगावी. ती ऐकणाऱ्याला लगेच पटते, कारण त्यातला अर्धा भाग त्याने जन्मभर केलेला असतो.

सभा कुठे घ्यावी आणि काय दाखवावे

जागृतीचे काम डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत पुरे झाले पाहिजे. पहिला रुग्ण सापडल्यावर घेतलेली सभा भीतीची असते आणि तिथे कोणी काही शिकत नाही, असे माझे मत आहे. ग्रामसभेत विषय अवश्य मांडावा, पण ग्रामसभेवर विसंबू नये, कारण जो दिवसभर बागेत राबतो तो सहसा तिथे नसतो. त्याला गाठायचे असेल तर काजू बी विकत घेणाऱ्या दुकानदाराला हाताशी धरावे. गावातला प्रत्येक वेचणारा आठवड्यातून एकदा तरी त्याच्या काट्यापाशी उभा राहतोच. याखेरीज संध्याकाळी वाडीवाडीत, बचत गटाच्या बैठकीत आणि भजनाआधीच्या अर्ध्या तासात बोलावे. बाहेरगावाहून आलेल्या मजुरांच्या वस्तीवर त्यांच्या भाषेत बोलू शकणारा माणूस न्यावा.

भित्तिपत्रकांवर बहुधा गुराच्या कानाला लटकलेली, रक्त पिऊन वाटाण्याएवढी टम्म फुगलेली गोचीड छापलेली असते. तिने घोटाळा होतो. बागेतून परतलेला माणूस अंगावर तेवढी मोठी गोचीड शोधतो, ती दिसत नाही आणि तो निश्चिंत होतो. माणसाला चावणारे पिल्लू खसखशीच्या दाण्यापेक्षा फारसे मोठे नसते, म्हणून सभेला जाताना खसखस बरोबर न्यावी, चार दाणे प्रत्येकाच्या तळहातावर ठेवावेत आणि सांगावे की शोधायचे आहे ते एवढे. त्याच हाताच्या त्वचेवरचा एखादा तीळ त्या दाण्याशी ताडून पाहायला सांगितले, तर अंग तपासणे म्हणजे काय हे वेगळे समजवावे लागत नाही.

रानात जाणाऱ्याने काय करावे

अंगभर कपडे घालावेत हा सल्ला सगळेच देतात. तो पाळता येईल असा करून द्यावा लागतो. पुरुषांनी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा, पँटचे पाय मोज्यांत खोचावेत आणि शक्य असेल तर गमबूट वापरावेत. बायका शेतात काम करताना साडीवर पुरुषी शर्ट घालतात, ती सवय येथे उपयोगी आहेच. मात्र साडीच्या आत घोट्यापर्यंतची विजार किंवा लेगिंग घालून तिचे टोकही मोज्यात खोचले पाहिजे, कारण गोचीड खालून वर चढते. फिकट रंगाच्या कपड्यांवर ती लवकर दिसते. उन्हाळ्याच्या दमट हवेत हा सगळा जामानिमा जाचक होतो हे मान्य करावे आणि निदान पाय झाकण्यावर तडजोड करू नये.

उघड्या राहणाऱ्या त्वचेवर गोचिडींना दूर ठेवणारे डेपा तेल लावावे. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत विकसित झालेले हे औषध कर्नाटकात व अन्य बाधित भागांत आरोग्य खात्यामार्फत वाटले जाते. ते कामावर निघण्यापूर्वी लावावे, घाम फार आला तर बाटलीवरील सूचनेप्रमाणे पुन्हा लावावे, डोळ्यांना व ओठांना लागू देऊ नये आणि भाकरी खाण्याआधी हात साबणाने धुवावेत. बाटली घरात फळीवर राहिली तर तिचा उपयोग नाही, म्हणून ती कोयत्याबरोबर किंवा पाण्याच्या बाटलीबरोबर ठेवण्याची सवय लावावी. बागेत जेवायला किंवा विसाव्याला पाचोळ्यावर बसू नये. खडक किंवा झाडून स्वच्छ केलेली जागा बरी. पातेरा डोक्यावरून आणू नये आणि उन्हाळाभर घराशेजारी किंवा गोठ्यात साठवू नये.

घरी आल्यावर कपडे दाराबाहेर उतरवून कढत पाण्यात भिजत घालावेत, साबण लावून गरम पाण्याने अंघोळ करावी आणि उजेडात अंग तपासावे. गुडघ्याच्या मागची बाजू, जांघा, कंबरपट्ट्याची जागा, काखा, मान, कानामागचा भाग आणि केस या जागा स्वतःला नीट दिसत नाहीत, त्यामुळे घरातल्या दुसऱ्याने पाहणे चांगले. गोचीड रुतलेली आढळली तर बारीक चिमट्याने तिला त्वचेच्या अगदी जवळ पकडावे आणि न पिळता सरळ वर ओढावे. तिच्यावर रॉकेल, तंबाखूचे पाणी किंवा जळती काडी लावणे, हा जो घरोघरी उपाय चालतो, तो सोडून द्यायला सांगावे, आणि नखांमध्ये चिरडण्याला तर सक्त मनाई करावी. जागा साबणाने धुवावी व तारीख लक्षात ठेवावी. चाव्यानंतर ताप यायचा असेल तर बहुधा ३ ते ८ दिवसांत येतो. प्रत्येक गोचिडीत विषाणू नसतो, हेही त्याच दमात सांगावे, नाहीतर एका चाव्यावर लोक धाय मोकलतात.

मेलेले माकड दिसले तर

येथे लोकांच्या श्रद्धेचा विचार न करता बोलणारा कार्यकर्ता फसतो. आपल्याकडे मेलेल्या माकडाला मारुतीचे रूप मानून अंघोळ घालणे, हार घालणे आणि वाजतगाजत पुरणे ही रीत अनेक गावांत आहे. तिची टिंगल केली की पुढची बातमी आपल्यापर्यंत येत नाही. त्याऐवजी आधीच पोलीस पाटील, सरपंच व देवस्थानाच्या मानकऱ्यांशी बोलून ठरवून घ्यावे की देहाला कोणी हात लावायचा नाही, वनखात्याची माणसे विल्हेवाट लावतील आणि नारळ, फुले, नमस्कार हे सगळे त्यानंतर लांबून होईल.

मेलेले किंवा झोकांड्या खाणारे माकड दिसताच तिथून मागे फिरावे, गुरे व कुत्री त्या बाजूला जाऊ देऊ नयेत आणि उपकेंद्र किंवा वनरक्षक यांना फोन करावा. जागा सांगताना ‘अमक्याच्या बागेत’ एवढे पुरत नाही. झाड, पाणंद, ओहोळ अशी खूण द्यावी किंवा मोबाईलवरून ठिकाण पाठवावे. शवविच्छेदन आणि नमुने घेण्याचे काम संरक्षक पोशाख घातलेल्या पशुवैद्यकानेच करायचे असते, त्यानंतर देह जाळला जातो आणि त्या जागेभोवती सुमारे ५० फुटांच्या परिघात मॅलेथिऑन या कीटकनाशकाची पावडर टाकली जाते. देह सडून गेला असला तरी बातमी द्यावी, कारण जागा तरी कळते. ज्याने बातमी दिली त्याला दोन दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. पावडर टाकून झाली, अहवाल अजून यायचा आहे, एवढे सांगितले तरी चालते. ज्याला काहीच कळवले जात नाही तो पुढच्या वेळी फोन करत नाही. जागृतीचे अर्धे काम या एका ढिलाईने वाया जाते. या निमित्ताने कोणी माकडे मारायचा किंवा हुसकावून दुसऱ्या गावाच्या हद्दीत घालवायचा बेत केला तर तो तिथल्या तिथे थांबवावा. वन्यप्राण्यांचा कायदा आड येतोच, शिवाय कळप विखुरला की विषाणू नव्या जागी जातो.

आरोग्य केंद्रात काय विचारावे

तापाच्या रुग्णाला ‘रानात गेला होतात का?’ असे विचारले, तर उत्तर बहुधा ‘नाही’ असे येते, कारण बागायतदाराच्या लेखी स्वतःची काजूची बाग म्हणजे रान नव्हे. प्रश्न कामाच्या नावाने विचारावा लागतो. घरभेटीला गेलेल्या आशाताईंनी तो असा विचारावा: ‘काकी, गेल्या पंधरा दिवसांत काजी वेचायला, लाकडे आणायला, पातेरा झाडायला किंवा गुरे घेऊन कुठे गेला होता का? तिथे किंवा वाडीत कुठे माकड मेलेले दिसले का? अंगावर गोचीड सापडली होती का?’ शेवटच्या प्रश्नाला नकार आला म्हणून संशय सोडू नये, कारण चावा बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

ताप अचानक येतो, हुडहुडी भरते, कपाळ फुटेल असे डोके दुखते, कंबर, पोटऱ्या व सर्वांगाचे स्नायू दुखून माणूस अंथरूण धरतो. डोळे लाल होतात आणि तोंडातल्या टाळूच्या मागच्या भागावर बारीक फोडांसारखे पुरळ दिसू शकते. ते बॅटरीच्या उजेडात मुद्दाम पाहावे, कारण निदानाच्या दृष्टीने ती महत्त्वाची खूण मानली जाते. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उलट्या, जुलाब आणि काहींना नाकातून, हिरड्यांतून किंवा शौचावाटे रक्तस्राव होतो. रक्तदाब घसरतो, प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी कमी होतात. अहवालात एवढेच पाहिले तर डेंग्यू वाटतो, आणि कोकणातल्या डॉक्टरच्या मनात लेप्टोस्पायरोसिसही (उंदरांच्या मूत्रातून पसरणारा ताप) येतोच. ऋतू येथे मदतीला येतो: लेप्टो मुख्यतः चिखल-पाण्याच्या दिवसांतला आणि माकडताप कोरड्या पाचोळ्याच्या दिवसांतला. तरीही नुसत्या अंदाजावर एक आजार धरून दुसरे सोडू नयेत; लेप्टो किंवा स्क्रब टायफसची (बारीक किड्यांच्या चाव्याने होणाऱ्या तापाची) शक्यता असेल तर माकडतापाच्या अहवालाची वाट पाहत त्यांचे प्रतिजैविक अडवून ठेवू नये.

रक्ताचा नमुना पहिल्याच भेटीत घ्यावा. सुरुवातीच्या दिवसांत रक्तात विषाणू असतो आणि तो आरटीपीसीआरने सापडतो, पुढे प्रतिपिंडांची एलायझा तपासणी उपयोगी पडते. त्यामुळे सोबतच्या फॉर्मवर ताप सुरू झाल्याची तारीख लिहिलेली नसेल तर प्रयोगशाळेला अहवालाचा अर्थ लावणे अवघड जाते. घाईच्या वेळी नेमका हाच रकाना रिकामा राहतो. नमुना तिहेरी वेष्टनात, बर्फाच्या पेटीतून पाठवावा. रुग्णाजवळ बसणाऱ्यांना या आजाराची लागण झाल्याचे दिसून आलेले नाही, म्हणून त्याला वाळीत टाकल्यासारखे वेगळ्या खोलीत ठेवू नये. रक्त हाताळताना व सुई टोचताना मात्र हातमोजे आणि नेहमीची सगळी काळजी घ्यावीच, कारण प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना विषाणूची लागण झाल्याची उदाहरणे आहेत.

या विषाणूवर मारक औषध नाही. तापाला पॅरासिटामॉल, शरीरातील पाण्याचे प्रमाण, रक्तदाब आणि रक्तस्राव यांवर लक्ष, आणि वेळेवर मोठ्या रुग्णालयात पाठवणे, हाच उपचार. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी रक्तस्राव वाढू शकतो. अंगदुखी असह्य असल्यामुळे रुग्ण स्वतः होऊन ‘एक सुई मारा’ म्हणतो, आणि कमी प्लेटलेट असताना कमरेत दिलेली तीच सुई घातक ठरू शकते. हे गावातील खासगी डॉक्टरांना आणि औषध दुकानदारांना मोसमाआधी प्रत्यक्ष भेटून सांगावे. बरे वाटू लागल्यावरही काम संपत नाही. साधारण १० ते २० टक्के रुग्णांना एक-दोन आठवडे बरे गेल्यानंतर पुन्हा ताप येतो आणि त्या वेळी तीव्र डोकेदुखी, हातापायांचा कंप, दृष्टीत बिघाड किंवा भ्रम दिसतो. घरी सोडताना नातेवाइकांना हे कागदावर लिहून द्यावे आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत आशाताईंनी घरी चक्कर मारावी.

सिंधुदुर्गातील अनेक कुटुंबे अवघड दुखण्यात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे जातात, त्यामुळे रुग्ण एका राज्यात आणि गोचीड चावल्याची जागा दुसऱ्या राज्यात असे होते. रुग्ण कुठे हलवला याची नोंद प्राथमिक आरोग्य केंद्राने ठेवून आजाराचे निदान काय झाले ते स्वतः विचारून घ्यावे. चाकरमान्यांचे प्रकरण याहून निसटते असते. शिमग्याला किंवा मे महिन्यात गावी आलेला माणूस हौसेने चार दिवस बागेत राबतो, रात्रीच्या गाडीने मुंबईला परततो आणि ताप त्याला डोंबिवलीत किंवा विरारमध्ये येतो. तिथल्या डॉक्टरला दोडामार्ग आठवण्याचे कारण नसते. म्हणून परतणाऱ्या प्रत्येकाला सांगावे की पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना गावाचे नाव आणि बागेत गेल्याची गोष्ट न विचारता सांगायची.

सभेत लशीचा प्रश्न हमखास येतो. कर्नाटकात बरीच वर्षे एक लस दिली जात होती. तिचे दोन डोस आणि पुढे वारंवार बूस्टर घ्यावे लागत, टोचल्यावर दुखत असे आणि संरक्षण अपुरे मिळत असे. २०२२ पासून ती बंद आहे आणि नव्या लशीवर काम चालू आहे. एवढे स्पष्ट सांगावे. ‘लवकरच येईल’ अशी आशा लावून मोज्यांचा आणि तेलाचा आळस वाढवू नये.

पाऊस सुरू झाला की रुग्ण थांबतात. जून ते नोव्हेंबर या काळात पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्याने गुरांवरील गोचिडींचा बंदोबस्त करून घ्यावा, आणि मोसमात जिथे जिथे माकडे मेली त्या जागा गावाच्या नकाशावर खुणा करून उपकेंद्राच्या भिंतीवर लावाव्यात. डिसेंबरच्या सभा त्या खुणांना सर्वांत जवळ असलेल्या वाड्यांपासून सुरू कराव्यात.